शिडाची जुनी नौका आणि आतले डिझेल इंजिन

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ असल्याने बंदीचा विचार सामान्यतः मत्स्यसंवर्धनाच्या दृष्टीने केला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु किनाऱ्यावरील गावांत याच दोन महिन्यांत आणखी एक काम चालते व त्यावर पुढील दहा महिन्यांची मिळकतच नव्हे, तर खलाशांचे प्राणही अवलंबून असतात. ते काम म्हणजे ओढून वर घेतलेल्या नौकेची व तिच्यातील इंजिनाची देखभाल. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत बंदर किंवा नौका ओढण्याची जागा आहे, तेथील सदस्यांना, शिक्षकांना व विस्तार अधिकाऱ्यांना या कामाची शास्त्रीय बाजू ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कोकणातील जुना मचवा हा मुळात शिडाचा. लांब, पुढे झुकलेली नाळ, निमुळती पिछाडी, कललेली डोलकाठी आणि तिच्यावर तिरक्या परबाणाला बांधलेले मोठे शीड ही त्याची ठेवण वाऱ्यावर चालण्यासाठी शतकानुशतकांच्या अनुभवातून घडली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत यांत्रिकीकरणाची योजना किनाऱ्यावर पोहोचली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी नव्या नौका बांधण्याऐवजी जुन्याच नौकांत इंजिने बसविण्यात आली. पुढे इंजिनासाठीच आखलेल्या नौका आल्या आणि त्यांच्यामागून काचतंतूंच्या नौकाही आल्या. तरीही लाकडी बांध्याच्या नौका नाहीशा झालेल्या नाहीत. अशा नौकेत दोन भिन्न स्वभावांच्या वस्तू एकत्र नांदत असतात. लाकूड पाणी शोषते, फुगते, सुकते, वाकते. इंजिनाला मात्र केसाइतकीही हालचाल मानवत नाही. देखभालीतील बहुतेक अडचणी या विसंगतीतून उद्भवतात.

इंजिन किती मोठे असावे?

पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन निवडण्याचे कारण केवळ इंधनाची किंमत हे नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती नौकेच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. डिझेल सहजासहजी पेट घेत नाही. डिझेल इंजिनात ठिणगीची आवश्यकताही नसते. दट्ट्याने हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने फवारलेले इंधन पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये या तत्त्वावर चालणारे पहिले यशस्वी इंजिन दाखविले. वीज, पाणी आणि खारी हवा यांचे वैर लक्षात घेता, ठिणगीवर अवलंबून नसलेले इंजिन समुद्रावर अधिक भरवशाचे ठरले यात नवल नाही.

मोठे इंजिन म्हणजे अधिक वेग, हा समज मात्र किनाऱ्यावर फार बोकाळलेला आहे. पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेच्या वेगाला तिच्या लांबीनेच मर्यादा घातलेली असते. पाण्यातील लांबी फुटांत मोजून तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास १.३४ ने गुणावे, म्हणजे ताशी सागरी मैलांत ही मर्यादा मिळते. पाण्यातील लांबी ३० फूट असलेल्या नौकेस ती सुमारे सव्वासात मैल येते. याहून पुढे जाण्याचा प्रयत्न केला, तर नौका स्वतःच उठविलेल्या लाटेवर चढू लागते. पिछाडी बसते, धूर काळा होतो आणि डिझेल वाया जाते. मर्यादेच्या आतही वेग आणि इंधन यांचे प्रमाण सरळ नसते. ठोकळमानाने लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग एक-दशांशाने कमी केला, तर तेवढेच अंतर जाण्यास जवळजवळ एक-पंचमांश इंधन कमी लागते. बंदरात पहिले पोहोचून भाव मिळविण्याची धडपड समजण्यासारखी आहे. पण तिचा हिशेब डिझेलच्या पावतीशी ताडून पाहणारे फार थोडे आढळतात.

इंजिन ज्या तुळयांवर बसते त्या शक्य तितक्या लांब असाव्यात आणि त्यांचा भार अनेक वाकांवर, म्हणजे नौकेच्या फासळ्यांवर, वाटला जावा. आखूड तुळयांमुळे कंपने एकाच जागी आदळतात. तेथील खिळे सैल होतात आणि फळ्यांचे सांधे उघडतात. इंजिनालगतच्या भागातच पाणी झिरपते अशी तक्रार असेल, तर दोष फळीत शोधण्यापूर्वी तुळयांत शोधावा.

धक्क्याला लागताना

शिडाच्या नौकेतील तांडेल वाऱ्याचा आणि ओघाचा अंदाज घेऊन धक्क्याला लागत असे. इंजिन आल्यावर हे ज्ञान अनावश्यक झाले असे काहींना वाटते. वस्तुतः इंजिनामुळे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. नौकेला मोटारीप्रमाणे ब्रेक नसतो. थांबण्यासाठी पंखा उलट फिरवावा लागतो, आणि उलट फिरणारा पंखा नौकेला केवळ मागे ओढत नाही, तर पिछाडीला एका बाजूस सरकवतो. मागून पाहिले असता पुढे जाताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा पंखा, उलट गतीत पिछाडीला डावीकडे ओढतो. म्हणून अशी नौका शक्य तेथे डावी बाजू धक्क्याकडे करून लावावी. नाळ थोडी तिरकी धक्क्याकडे ठेवून मंद गतीने यावे आणि शेवटी थोडा वेळ उलट गती द्यावी. पिछाडी आपसूक धक्क्याकडे येते. पंखा विरुद्ध दिशेचा असल्यास बाजूही विरुद्ध धरावी. आपल्या नौकेचा पंखा कोणत्या दिशेचा आहे, हे नव्या खलाशाला पहिल्याच दिवशी दाखविणे इष्ट.

वारा किंवा पाण्याचा ओघ, यांपैकी जो प्रबळ असेल त्याच्यासमोर तोंड करून धक्क्याजवळ यावे. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओघ पुष्कळदा वाऱ्यालाही जुमानत नाही. समोरून ओघ असला की नौकेची जमिनीवरील गती कमी राहते, पण सुकाण्याच्या पात्यावरून पाणी वाहत असल्याने सुकाणू काम देत राहते. मागून ओघ असताना याच्या नेमके उलट घडते, आणि धक्क्यावर आदळलेल्या बहुतेक नौका अशाच आदळतात. अशा वेळी पाय पुढे करून नौका अडविण्याचा मोह खलाशांना होतो. कित्येक टन वजनाच्या नौकेपुढे माणसाच्या पायाची मातब्बरी नाही. तेथे दोराला बांधलेला जुना टायर सोडावा, पाय आत ठेवावा.

पहिला दोर कोणता बांधावा, याबद्दल सर्वत्र एकच पद्धत नाही. बहुधा नाळेचा दोर आधी फेकला जातो. तो ताणला की नाळ आत येते आणि पिछाडी बाहेर जाते. त्याऐवजी नौकेच्या मध्यापासून मागे जाणारा तिरपा दोर प्रथम धक्क्यावरील खुंटाला अडकवावा, इंजिन अगदी मंद पुढील गतीत ठेवावे आणि सुकाण्याचा दांडा धक्क्याच्या बाजूला दाबावा. नौका धक्क्याला चिकटून उभी राहते व बाकीचे दोर सावकाश बांधता येतात. दोन माणसांच्या नौकेस ही रीत फार उपयोगी आहे. वारा नौकेला धक्क्यावर दाबत असताना निघावयाचे असेल, तर हेच तत्त्व उलट बाजूने वापरता येते. नाळेपासून मागे जाणारा तिरपा दोर ठेवून मंद पुढील गती द्यावी आणि दांडा धक्क्यापासून दूर दाबावा. पिछाडी बाहेर फिरली की दोर सोडून मागे निघावे.

बांधून ठेवलेल्या नौकेचा खरा शत्रू ओहोटी. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील फरक साडेचार ते पाच मीटर असतो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो आणि गोव्याच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटरवर येतो. भरतीला ताणून आखूड बांधलेली नौका ओहोटीला दोरांवर लटकते, कलते, आणि पुढील भरतीचे पाणी तिच्या काठावरून आत शिरते. पुढचे व मागचे दोर धक्क्यावर दूर अंतरावर नेऊन बांधावेत आणि त्यांची लांबी पाण्याच्या चढउताराच्या निदान तिप्पट असावी, हा साधा नियम पाळला तर अशी हानी टळते.

शाळेतील विद्यार्थ्यांना याची गोडी लावण्यासाठी किनाऱ्यावरील जुना आडाखा उपयोगी पडेल. तिथीच्या अंकास पाऊणाने गुणले की मुंबईच्या आसपास भरतीची ठोकळ वेळ मिळते. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास पूर्ण भरती येते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हेच या आडाख्यामागील कारण. विद्यार्थ्यांनी धक्क्यावरील खांबावर खुणा करून पंधरा दिवस नोंदी ठेवल्या आणि त्या छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून पाहिल्या, तर आडाखा कोठे जुळतो व कोठे चुकतो हे त्यांना स्वतःच दिसेल. सर्वांत मोठे उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशीच नव्हे, तर पुष्कळदा एक-दोन दिवसांनी येते, हेही त्यातूनच कळेल.

पावसाळ्यापूर्वी वर घेणे

नौका वर ओढण्यासाठी मे अखेरच्या उधाणाचा फायदा घेतला जातो. वर घेतल्यावर तिचा भार पठाणावर, म्हणजे तळाच्या कण्यावर, अनेक ठिकाणी समान टेकविला पाहिजे. बाजूचे टेकू नौका कलू नये एवढ्यासाठीच असतात, आणि ते वाकांच्या रेषेत लावावेत. दोन वाकांमधील मोकळ्या फळीवर टेकू दिल्यास फळी आत दबते. पठाणाचे टोक अधांतरी राहिले, तर दोन महिन्यांत नौकेला बाक येतो आणि तो पुन्हा निघत नाही.

तळ त्याच दिवशी घासावा. ओले शेवाळ व चिकटलेले बार्नेकल प्राणी सहज निघतात. उन्हात वाळले की ते दगडासारखे होतात आणि खरवडताना लाकूडही निघते. त्यानंतर फळ्यांची परीक्षा करावयाची. येथे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. लाकूड पोखरणारा टेरेडो हा किड्यासारखा दिसत असला, तरी शिंपल्याच्या वर्गातील प्राणी आहे. तो अगदी लहान असताना टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत शिरतो आणि आतच वाढतो. त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणारी फळी आतून बोटभर जाडीच्या बोगद्यांनी पोखरलेली असू शकते. लाकडी हातोडीने ठोकत गेले असता चांगले लाकूड खणखणते आणि पोखरलेले बद्द बोलते. संशय आला तेथे टोच्या खुपसून पाहावा. नौका सुकीवर असताना हा प्राणी फार काळ तग धरीत नाही. पावसाळ्यात गोड्या झालेल्या खाडीच्या वरच्या भागातही त्याचा निभाव लागत नाही. नौका खाडीत वर नेऊन ठेवण्याच्या जुन्या रिवाजाला असा शास्त्रीय आधार आहे.

तळाला लावावयाच्या विषारी रंगांत तांब्याची संयुगे असतात. कथिलयुक्त ट्रायब्युटिल टिनचा रंग एके काळी फार प्रभावी मानला जाई. परंतु त्याने शिंपले व गोगलगायींच्या प्रजननावर इतका घातक परिणाम होतो की, आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी आली आणि ती २००८ मध्ये अमलात आली. जुना साठा कोणी स्वस्तात देऊ केला, तरी तो घेऊ नये. ज्या खाडीत तो उतरेल त्याच खाडीतील कालवे आणि तिसऱ्या गावात खाल्ल्या जातात.

यानंतर नौका शाकारली जाते. झापांनी वा ताडपत्रीने केलेले हे आच्छादन कशासाठी, असे विचारल्यास लाकूड भिजू नये म्हणून, असे उत्तर मिळते. पण हेच लाकूड दहा महिने समुद्रातच असते. मग पावसाचे पाणी एवढे वाईट का? लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला गोडे पाणी मानवते आणि मीठ मानवत नाही, हे त्याचे कारण. पूर्वी काही देशांत जहाजांच्या फासळ्यांमधील पोकळीत मुद्दाम मीठ भरीत. म्हणून तळात पावसाचे पाणी साचू देऊ नये आणि आच्छादनाखाली वारा खेळेल अशी फट दोन्ही टोकांस ठेवावी. प्लास्टिकने गच्च गुंडाळलेली नौका आतल्या दमटपणाने उघड्या नौकेपेक्षाही लवकर कुजते.

एका धोक्याचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. बंद राहिलेल्या मासळीच्या खणात कुजलेल्या अवशेषांमुळे प्राणवायू कमी होतो आणि विषारी वायू साचतो. साफसफाईसाठी उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही पडतो. झाकण उघडून पुरेसा वेळ वारा खेळू द्यावा, बाहेर एक माणूस दोर धरून उभा असावा आणि बाहेरच्याने आत उडी घेऊ नये. गावातील प्रत्येक घरी ही गोष्ट पोहोचली पाहिजे.

इंजिनाची निगा

इंजिन बंद ठेवण्यापूर्वी तेल बदलावे, सुरू करण्यापूर्वी नव्हे. वापरलेल्या तेलात आम्ले तयार झालेली असतात व ती दोन महिने बेअरिंग खात बसतात. इंजिन गरम असताना तेल काढले, तर गाळही निघून जातो. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे आणि कारण सापडेपर्यंत इंजिन चालवू नये. समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातून गोडे पाणी भरपूर खेळवावे. पाणी ओढणाऱ्या पंपातील रबरी पाते काढून ठेवावे. एकाच स्थितीत दबून राहिले की ते वाकडे होते आणि हंगामाच्या पहिल्याच फेरीत तुटते. जस्ताचे तुकडे बसविलेले असल्यास तपासावेत. खाऱ्या पाण्यात तांबे-पितळ आणि लोखंड एकत्र आले की एक धातू झिजतो. तो मान आपण जस्ताला देतो. अर्धा झिजलेला तुकडा बदलावा, आणि त्याच्यावर रंग मात्र कधीही लावू नये.

डिझेलची टाकी रिकामी ठेवण्याचा प्रघात आहे. चोरीच्या भीतीने तो पडला असावा. पण रिकाम्या टाकीत दमट हवेतील बाष्प थंड होऊन पाणी साचते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजंतू वाढतात. त्यांचा काळपट, चिकट गाळ गाळण्यांत अडकतो. शांत पाण्यात तो तळाशी असतो, आणि लाटांत नौका हेलकावू लागली की ढवळून वर येतो. म्हणून इंजिन नेमके वादळात बंद पडते. याला दैव म्हणण्याची पद्धत आहे, पण बहुतेक वेळा तो टाकीच्या तळाचा गाळ असतो. टाकी भरलेली ठेवावी, तळाचा निचरा करावा आणि पाणी वेगळे करणारी गाळणी नियमाने तपासावी. गाळणी बदलल्यानंतर नळीतील हवा पंपाने बाहेर काढणे प्रत्येक खलाशास आले पाहिजे. हे काम भर समुद्रात, अंधारात करण्याची वेळ येते.

धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे अतिभार, हवेची कमतरता अथवा घाणीने जड झालेला तळ. निळसर म्हणजे वंगणतेल जळते आहे. इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर राहिला, तर इंधन नीट जळत नाही किंवा पाणी आत जात आहे.

पुन्हा पाण्यात

दोन महिने वर राहिलेल्या नौकेच्या फळ्या सुकून आखडतात आणि सांध्यांतून उजेड दिसू लागतो. अशा वेळी सांध्यांत कापूस ठासून भरण्याचा उत्साह आवरावा लागतो. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगणारच आहेत. सांधे फार घट्ट भरले, तर फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही आणि त्यांचा जोर खिळ्यांवर व वाकांवर येतो. कुशल सुतार बोटांच्या अंदाजाने ठोकतो. त्या अंदाजाला मोजपट्टी नाही. उतरविण्यापूर्वी काही दिवस नौकेवर खारे पाणी शिंपडत राहावे, आणि पहिली रात्र तिच्यावर माणूस व पंप असावा.

पंख्याचा शाफ्ट जेथे बाहेर जातो तेथील पॅकिंग एकदम घट्ट आवळू नये. शाफ्ट फिरत असताना थेंब थेंब पाणी गळणे हे दोषाचे नव्हे, तर व्यवस्थित असल्याचे लक्षण आहे. त्याच पाण्याने शाफ्टला थंडावा मिळतो. सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाणारी बाब म्हणजे इंजिन आणि शाफ्ट यांची सरळ रेषा. नौका जमिनीवर असताना ही रेषा जुळवून मेस्त्री निघून जातो. पाण्यात उतरताच नौकेचा आकार किंचित बदलतो आणि जुळवलेली रेषा मोडते. त्यामुळे जोडाच्या दोन चकत्यांमधील फट नौका पाण्यात दोन-तीन दिवस राहिल्यावर, टाकी भरलेली असताना पुन्हा मोजावी. १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर चारही बाजूंनी घेतलेल्या मापांत ०.१ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक नसावा. एवढ्याशा तफावतीने बेअरिंग झिजते, पॅकिंग जळते आणि हळूहळू शाफ्टही तुटतो.

ग्रामपंचायतीने करण्यासारख्या गोष्टी खर्चिक नाहीत. ओढणीच्या जागेवर अतिक्रमण होऊ न देणे, तेथे गोड्या पाण्याचा एक नळ देणे, धक्क्यावर मजबूत खुंट बसविणे आणि वापरलेल्या तेलासाठी झाकणाचे पिंप ठेवणे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार हे तेल वाळूत किंवा खाडीत ओतता येत नाही. ते अधिकृत पुनर्प्रक्रियादारासच द्यावे लागते. एकेका नौकेचे तेल थोडे असल्याने कोणी नेण्यास येत नाही. साऱ्या गावाचे एकत्र केले तर येतो.

शिडाविषयी शेवटी थोडेसे. इंजिन बसविल्यावर डोलकाठी आखूड होते, परबाण घराच्या पडवीत जाते आणि काही वर्षांनी शीड कोठे आहे हे कोणालाच आठवत नाही. पश्चिमेचा वारा किनाऱ्याकडे लोटीत असताना इंजिन बंद पडले, तर नौका खडकांपर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागेल, एवढाच प्रश्न उरतो. नांगर लागेल अशी खोली व तळ असेल, तर नांगर. नसेल तर लहानसे शीडही नौकेला आडवे धरून खडकांपासून बाजूला नेऊ शकते. शाकारणी काढण्याच्या दिवशी तेही उलगडून उन्हात घालावे, उंदरांनी कुरतडलेले भाग शिवून घ्यावेत आणि नौका पाण्यात गेल्यावर, इंजिन बंद ठेवून, खाडीच्या शांत पाण्यात एकदा चढवून पाहावे. तरुण खलाशांपैकी किती जणांना ते चढविता येते हे त्याच वेळी कळते.